रंगूबाईचं बसकर

साहेब, रंगूबाईचं पहिलं लेकरू तुम्ही मारलंत.

दचकू नका. तुम्ही हात लावला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त बोललात. गेल्या साली ऐन हळदीच्या हंगामात तुमची कामगार खात्याची जीप सांगलीच्या वखारभागात आमच्या वखारीपुढं थांबली. शेठनं खुर्ची दिली, चहा दिला, टेबलफॅन तुमच्याकडं वळवला. आम्ही बाया खाली पोत्यांवर बसून हळद निवडत होतो. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, कणी एकीकडं. रंगूबाईला सातवा महिना होता. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पदर सावरून तुम्हाला म्हणाली, "साहेब, कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळती म्हणत्यात. आमाला मिळंल का?"

तुम्ही बशीतला चहा फुंकलात आणि म्हणालात, "बाई, ही वखार आहे. कारखाना नव्हे. तुम्ही कामगार नव्हे, रोज येणाऱ्या बाया." मग शेठकडं बघून हसलात. शेठही हसला. गुंडा मुकादमाला कळलं नव्हतं, तरी तोही हसला.

रंगूबाई खाली बसली ती बसलीच. पाय सुजून जोड्यात मावेनात, डोळ्यांपुढं अंधारी यायची, तरी रोज यायची. एक दिवस दुपारी भाकरी सोडताना मला म्हणाली, "मने, आज पोर हललं न्हाई गं." मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट गरम होतं, घट्ट होतं. आत काही नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरी परत फडक्यात बांधली.

पोरगा होता. रडला नाही.

आणि ती कामावर परत आली तेव्हा तिचं दूध अजून आटलं नव्हतं. हळदीची धूळ सगळ्यांच्याच अंगावर बसते, पण तिच्या चोळीवर दूध झिरपायचं आणि धूळ त्यात भिजायची. छातीवर दोन पिवळेजर्द डाग. हळदकुंकवाला लावतात तसली हळद नव्हे ती. गुंडा मुकादम त्या डागांकडं बघत उभा राहायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "काय बघतोस रं? तुज्या आईला न्हवतं व्हय?" तेव्हा तो हलला.

एवढ्या लवकर का आली, असं तुम्ही विचाराल. तुम्ही खुर्चीवर होता म्हणून तुम्हाला बसकर दिसलं नाही.

बसकर म्हणजे फाटक्या पोत्याची घडी. प्रत्येकीची आपापली, घरून आणलेली. वखारीच्या फरशीवर जिचं बसकर, तिथं तिची जागा. आमच्या नोकरीचा तेवढाच एक कागद, आणि तोही तागाचा. एखादी आली नाही आणि तिचं बसकर मोकळं दिसलं की गुंडा ते पायानं उडवतो आणि दाराबाहेर ताटकळलेल्या बायांपैकी एकीला आत घेतो. उडालेलं बसकर परत टाकता येत नाही. आम्ही "तिला कामावरनं काढली" असं म्हणत नाही, "तिचं बसकर उचललं" म्हणतो. रंगूबाईचा नवरा कृष्णात हमाली करत होता, पोत्यांची थप्पी कोसळून त्याचा पाय गेला. घर त्या फाटक्या पोत्यावर उभं होतं. म्हणून आली.

यंदा तिला परत दिवस गेले.

दुसरी बाई असती तर हरखली असती. ही गप्प झाली. हळद निवडता निवडता मधेच हात थांबायचा, पोटाशी जायचा. आत काही हललं की मगच पुढचं हळकुंड उचलायची. रात्रीची झोप नाही. मी तिच्या शेजारच्याच खोलीत राहते, भिंत पत्र्याची आहे, मला कळतं. तिचं माहेर साताऱ्याकडं कोरेगावच्या पलीकडं, पण आई नाही, भावजयीच्या दारात जाऊन पडायचं तिच्या जिवावर येत होतं. मग शिराळ्याकडनं तिची सासू आली, धोंडुबाई.

मला ती म्हातारी आवडली नाही, हे सांगून टाकते. विटाळाची मोठी पक्की. आमच्यापैकी कुणी महिन्याची बाहेर बसलेली असली तर तिची सावलीसुद्धा ही घागरीला लागू द्यायची नाही. आली त्याच दिवशी रंगूबाईच्या ताटातली भाकरी अर्धी मोडून घेतली. "पोटुशीनं लय खाऊ न्हाई. पोर मोठं हुतं, मग अडतं."

मी म्हटलं, "आत्याबाई, गेल्या साली उपाशीच हुती की. झालं का सोपं?"

माझ्याकडं तिनं असं बघितलं की वाटलं, आता हाणती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाटीभर दूध रंगूबाईच्या पुढं, आणि म्हातारी समोर बसून, "पी. बगतीयास काय? पी म्हंते ना."

एकदा म्हातारीला न्हायला पाणी काढून दिलं तेव्हा मला कळलं, ती अशी वाकून का चालते ते. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "कृष्णातच्या येळंला मी भातलावणीत हुते. बांधावर झाला. तिसऱ्या दिशी परत चिखलात उभी केली. तवा अंग बाहीर आलं ते आजून बाहीर हाय." मग म्हणाली, "कुणाला सांगू नगंस." मी सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे, आणि तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "त्या सायबाला सांग. बाकीच्यास्नी कशाला?"

आठवा महिना लागला तशी म्हातारी हट्टाला पेटली, की आता रंगूनं वखारीत जायचं नाही. रंगूबाई म्हणे, बसकर जाईल. दोघींचं रोजचं भांडण. शेवटी रंगूबाई आणि मी गुंडा मुकादमाकडं गेलो. म्हटलं, बाळंत होऊन सव्वा महिना होईस्तोवर तिचं बसकर ठेव, तिच्या वाटणीचं काम आम्ही शेजारच्या दोघी-तिघी उरकू. तो दारात तंबाखू मळत होता. म्हणाला, "पोर हितं झालं तरी चालंल बाई, माजी ना न्हाई. पन बसकर मोकळं दिसलं की उचलनार." आणि आपल्याच बोलण्यावर खूष होऊन शेजारच्या हमालाला टाळी दिली.

घरी येऊन मी हे म्हातारीला जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"काय म्हनला? परत सांग."

"पोर हितं झालं तरी चालंल."

"असं म्हनला?"

"व्हय."

"चार लोकांत म्हनला?"

"दारातच उभा हुता की. समद्यांनी ऐकलं."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली. ती हसते आहे असं मला उगीच वाटलं.

आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, शेठ वजनकाट्याची पूजा घालतो. गिऱ्हाईक आलेलं असतं, गुजरातचं, मुंबईचं. वाईचे गुरुजी येतात, काट्याला हार घालतात, नारळ फुटतो आणि मुहूर्ताचं पहिलं पोतं काट्यावर चढतं. त्या दिवशीही आम्ही बसलेल्याच. गुरुजींनी अजून संकल्प सोडला नव्हता, तेवढ्यात दारात गलका झाला. बघते तर धोंडुबाई. डोक्यावर उलटी बाज, बाजेचे चारी पाय वर आभाळाकडं. एका हातात शेगडी, काखेत चिंध्यांचं बोचकं. तशीच वाकून चालत सरळ आत आली आणि काट्याच्या शेजारी, हारफुलांच्या पुढ्यात, बाज टेकवली.

गुंडा धावला. "ए म्हातारे! हे काय?"

"बाज हाय. दिसत न्हाई व्हय तुला?"

"हितं कशाला आणलीस?"

"आता तूच म्हनलास नव्हं, पोर हितं झालं तरी चालंल? म्हटलं मुकादमाचा शब्द कशाला खाली पाडा." तिनं इकडंतिकडं बघितलं. "त्यो कोपरा वाऱ्याचा हाय. हितं बरं, देवाच्या पुढ्यात. रंगू, ये गं, निजून बग, टोचतंय का."

मुंबईचा व्यापारी फस्सकन हसला. शेठ हसला नाही. सोयर म्हणजे काय हे शेठला चांगलं ठाऊक होतं. घरात पोर जन्मलं की घराला जन्माचा विटाळ. देवाला हात लावायचा नाही, नवा व्यवहार करायचा नाही. आणि पोर वखारीत जन्मलं तर?

"आजी," शेठ एकदम मऊ आवाजात म्हणाला, "तिला घरी न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

"नेते की. लगीच नेते. तिचं बसकर?"

"ते मुकादम बघेल."

"मग न्हाई नेत." आणि म्हातारी बाजेवर बसली. गुंडा तिच्या अंगावर धावून गेला तर म्हणाली, "वरडू नगंस. मी शिराळ्याकडची हाय. आमी नागाला भीत न्हाई, तर तुला भिऊ व्हय रं?"

वखारभर हशा पिकला. आमची पंगत तर पदरात तोंड घालून हसत होती. फक्त रंगूबाई हसत नव्हती. ती पांढरी पडली होती. म्हातारीनं ते बघितलं, बोचक्यातून तांब्या काढला आणि उठली. "पानी पी पोरी," म्हणत तिच्यापाशी जाऊन वाकली. तिची पाठ आमच्याकडं होती. दुसऱ्याच क्षणी किंकाळी फोडली.

"अगं बाई गं! पाणमोट फुटली!"

बसकर चिंब झालं होतं. पाणी फरशीवरनं वाहत काट्याकडं निघालं होतं. साहेब, मोठमोठे बाप्ये मी भिताना बघितलेत, पण असे नाही. व्यापारी दाराकडं पळाले. हमाल पोती टाकून उभे. गुरुजींनी सोवळं गुडघ्यापर्यंत उचललं. आठव्या महिन्यात पाणमोट फुटणं म्हणजे काय, हे आम्हा बायांना कुणी सांगावं लागत नाही. मला गेल्या सालचं ते गरम, घट्ट पोट हाताला लागल्यासारखं झालं.

म्हातारी मात्र गुरुजींशी बोलत होती. आवाज बारीक केलेला, अगदी गरीब गाईसारखा. "गुरुजी, पोर काय आजून झालं न्हाई, म्हंजी वखारीला सोयर न्हाई. व्हय का न्हाई?"

"नाही, नाही. सोयर नाही," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. मुहूर्त टळत होता.

"पन ही जागा तर विटाळली. आमच्याकडं रीत हाय, बाळंतीण सव्वा महिन्याचं न्हाऊन येती आन् आपल्या हातानं उचलती, तवर त्या जागंला कुनी शिवत न्हाई. शिवला तर त्याच्या घरादाराला लागतं म्हंत्यात. तुमच्या शास्त्रात काय हाय?"

"तेच. तेच आहे शास्त्रात. शिवू नये." गुरुजींनी शेठकडं बघितलं, शेठनं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. गुंडानं सवयीनं बसकर उडवायला पाय पुढं केलेला होता. शेठ त्याच्यावर असा खेकसला की पाय हवेतच राहिला. जागेभोवती गोमूत्र शिंपडलं आणि खडूची रेघ ओढली, ती शेठनं स्वतःच्या हातानं.

भाऊसो हमालानं हातगाडी आणली. बाज गाडीवर, रंगूबाई बाजेवर, एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला मी. माझं बसकर मोकळं दिसू नये म्हणून शेजारच्या अंबूबाईनं ते आपल्या लुगड्याखाली घेतलं. "दवाखान्यात चला, पळवा!" मी ओरडत होते. वळण ओलांडून वखार दिसेनाशी झाली तशी म्हातारी म्हणाली, "थांब रं भाऊसो." आणि रंगूबाईला, "दुखतंय काय गं?"

"न्हाई आत्याबाई."

"पोर हलतंय?"

"लाथा मारतंय."

"मारंल न्हाई तर काय! दुखंल कशाला? तांब्यातलं पानी हुतं त्ये."

भाऊसोनं गाडी तशीच सोडली आणि रस्त्यात खाली बसून हसला. मी हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही. रंगूबाईनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि गेल्या सालापासून आत कोंडलेला श्वास सोडावा तसा सोडला.

मी म्हटलं, "आत्याबाई, विटाळाचं खोटं बोललात? तुमी?"

म्हातारी म्हणाली, "जलमभर ह्या विटाळानं मला दारात बसवली. येक दिस माज्या कामाला आला तर बिघडलं काय?"

मग काय सांगू? रंगूबाई झोपली. पत्र्यापलीकडं तिचं घोरणं ऐकून मला बरं वाटायचं. पायांची सूज उतरली. कृष्णात बसल्या बसल्या भाकऱ्या थापायला शिकला. वाकड्यातिकड्या, पण शिकला. गुंडा एकदा दारात येऊन दबक्या आवाजात विचारून गेला, आखितीला पाणमोट फुटली आणि पोर अजून कसं नाही? म्हातारीनं त्याला आत बोलावलं. "कळा जिरल्या. अशा जिरत्यात. का जिरत्यात सांगू का समदं तुला? बस." तो बसला नाही. पळाला. एवढ्याशा खोट्यावर महिनाभर निभावलं, कारण ज्यांनी आमच्या पोटांचा धंदा मांडलाय त्यांच्यातल्या एकालाही पोटातलं काही विचारायची छाती नाही.

दिवस भरल्यावर सरकारी दवाखान्यात रंगूबाई मोकळी झाली. सकाळची उन्हं खिडकीत आली होती. दाराबाहेर आम्ही दोघी. आतून आवाज आला आणि म्हातारीनं माझा दंड असा धरला की वळ उठला. पोर रडत होतं. नुसतं रडत नव्हतं, भांडत होतं. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी आहे," आणि म्हातारीच्या तोंडाकडं जरा भीत भीत बघितलं. म्हातारी म्हणाली, "आवाज मुकादमीनीचा हाय." आणि खाली बसून डोळ्यांना पदर लावला.

घरी आल्यावर रंगूबाई रडायला लागली. कारण नाही, वेळ नाही, पोरीला पाजताना आसवं गळायची. शेजारणी म्हणू लागल्या, बाळंतिणीनं रडू नये, दृष्ट लागली असंल, काढा. मीही घाबरले. म्हातारीनं सगळ्यांना दाराबाहेर काढलं. "रडू दे तिला. गेल्या सालचं रडायचं ऱ्हायलंय." शेगडीपाशी तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालत बसायची. रोज. हळूहळू रडणं कमी झालं. एक दिवस रंगूबाई मला हाक मारून म्हणाली, "मने, हिला बग की. जांभई देती!" जगात आजवर कुणी जांभई दिलीच नव्हती असा चेहरा.

सव्वा महिन्याचं न्हाऊन ती वखारीत आली तेव्हा आम्ही सगळ्या बघत होतो. खचाखच भरलेल्या वखारीत तेवढा एक चौकोन मोकळा होता. खडूची रेघ पुसट झाली होती, पण कुणी ओलांडली नव्हती. बसकरावर हळदीचा थर साचला होता, पिवळा मखमलीसारखा. दाराबाहेर ताटकळणाऱ्या बायांपैकीसुद्धा कुणी त्याच्याकडं हात केला नव्हता. रंगूबाईनं पोरगी माझ्याकडं दिली, बसकर उचललं, दारात जाऊन झटकलं, परत आणून अंथरलं आणि बसली. तिनं पहिलं हळकुंड उचललं. गुंडानं दुसरीकडं बघितलं.

पोरगी आता तुळईला टांगलेल्या झोळीत असते. भूक लागली की सगळ्या वखारीला कळवते.

पुढच्याच महिन्यात पोटुशी अंबूबाईचं बसकर भिजलं. मग आणखी एकीचं. शेठ एकदा कपाळाला हात लावून म्हणाला, "तुम्हा सगळ्या बायांच्या पाणमोटी माझ्याच वखारीत कशा काय फुटतात?" अंबूबाई म्हणाली, "वखार लाभती, शेठ." शेठला कळलं नाही असं नाही. पण रीत पडली आहे. ती मोडायची तर सगळी पंगतच उचलावी लागेल, आणि हंगामात ते परवडत नाही. आता पोटुशीचं बसकर कुणी उडवत नाही. म्हणून हे सगळं नावानिशी लिहिते आहे. खुशाल शेठला दाखवा, फक्त म्हातारीच्या दुखण्याचं तेवढं झाकून.

आता तुमच्याकडं येते, साहेब. तुमची जीप परत यायची आहे म्हणतात. खुर्ची मिळेल, चहा मिळेल. पण वर झोळी असेल, आणि खाली रंगूबाई असेल. ती परत उठून विचारणार आहे. तुमच्या एवढ्या मोठ्या सरकारात तिच्या पोटातल्या लेकरासाठी दोन ओळी सापडल्या नाहीत, म्हणून एका म्हातारीला जन्मभर जो विटाळ टोचला त्याचाच आडोसा करून तिला सून वाचवावी लागली. आम्हाला विटाळाचं कौतुक नाही. आम्हाला तो नको आहे. पण तांब्याभर पाण्यानं जे झालं ते तुमच्या शाईनं का झालं नाही? आणि दिवसभर फरशीवर बसून तुमच्या घरातली हळद निवडणारी ही बाई कामगार नव्हे, तर कोण आहे?

या वेळी चहा फुंकू नका. उत्तर द्या.